ताड आणि माड

एखादे मूल सुट्टीनंतर दारात उभे राहिले आणि त्याचा सदरा आखूड झालेला दिसला, की घरातील वडील माणसे म्हणतात, “केवढा ताडमाड वाढलास रे!” हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्यात दोन निरनिराळी झाडे शेजारी शेजारी उभी आहेत, हे आपल्या ध्यानातही येत नाही. उंचीपुरते त्यांचे नाते खरे आहे. परंतु लावणाऱ्या माणसाशी ती ज्या रीतीने वागतात, ती रीत अगदी भिन्न आहे. वाचकहो, कोकणात जन्मूनही हा भेद मला कळला नव्हता. तो कळण्यासाठी तंजावरपासून तिरुच्चेंदूरच्या वाळूपर्यंत जावे लागले.

निमित्त घरचेच होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या वाडीत त्या दिवशी काही तासांत सतरा माड आडवे झाले. पोफळी किती मोडल्या त्याची तर मोजदादच कोणी केली नाही. विहिरीजवळची जागा दादाने पुढील दोन वर्षांत पुन्हा लावून काढली. समुद्राच्या बाजूचा वाळूचा पट्टा मात्र ओसाड राहिला. तेथे विहिरीचे पाणी पोचत नाही, आणि वारा प्रथम तेथेच येतो. बाबांचे म्हणणे असे, की वाडी म्हटली म्हणजे माडच लावावयाचा. दादाचे म्हणणे असे, की पाण्यावाचून माड लावणे म्हणजे रोपांचे पैसे वाळूत पुरणे. दर पावसाळ्याच्या तोंडी हा वाद निघे आणि पाऊस सुरू झाला की मिटे. पट्टा तसाच राही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कार्यालयाच्या कामासाठी मी चेन्नईस निघाले, तेव्हा दादा म्हणाला, “तू त्या मुलखात जातेच आहेस, तर कोरड्या वाळूत ते लोक काय लावतात ते डोळ्यांनी बघून ये. पुस्तकातले नको सांगूस.”

तंजावरची पाने

चेन्नईतील काम आटोपले आणि आमच्या मासिकाच्या तमिळ आवृत्तीत काम करणाऱ्या एका सहकारी बाईंबरोबर मी दक्षिणेची गाडी धरली. त्यांचे माहेर तूत्तुकुडी जिल्ह्यात आहे. वाटेत एक दिवस तंजावरास उतरावयाचे ठरले. मराठी माणसाने त्या गावावरून सरळ पुढे जाणे बरे दिसत नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ सालापर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते; बृहदीश्वराच्या मंदिरात त्या घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मराठी शिलालेख आजही वाचता येतो; आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय तर विद्वानांचे तीर्थक्षेत्रच आहे.

त्या ग्रंथालयाच्या संग्रहालयात मांडलेली ताडपत्रे पाहत असता सहकारी बाई म्हणाल्या, “ही आमच्या झाडाची पाने.” तमिळ भाषेत ताडाला पनै म्हणतात आणि माडाला तेन्नै. ग्रंथांसाठी ताडाप्रमाणेच श्रीताड नावाच्या मोठ्या पंखापानाच्या झाडाचीही पाने वापरीत. पाने कापून, शिजवून, वाळवून, घोटून गुळगुळीत करावयाची. लोखंडी लेखणीने त्यांवर अक्षर कोरावयाचे. मग काजळी चोळून अक्षर काळे करावयाचे, असा तो सारा क्रम. भोके पाडून दोरी ओवली की पोथी तयार.

येथेच या दोन झाडांतील पहिला भेद डोळ्यांसमोर येतो. माडाची झावळी पिसासारखी असते: मधला लांब दांडा आणि दोन्ही बाजूंना अरुंद, लवचीक पाती. ताडाचे पान उघडलेल्या पंख्यासारखे, जाड आणि ताठ. माडाच्या पातीतील हिरांचा खराटा होतो; ताडाच्या पानावर ग्रंथ लिहिला जातो. बाकीची अंगकाठी मात्र दोघांची सारखीच. दोन्ही झाडे एकदल वर्गातील, म्हणजे गवताच्या दूरच्या नात्यातली. त्यांना फांद्या नाहीत, आंब्यासारखे सोटमूळ नाही, आणि वाढीचा कोंब एकच, अगदी माथ्यावर. तो शेंडा गेला की झाड गेलेच. म्हणून या दोन्ही झाडांची निगा म्हणजे मुख्यतः शेंड्याची निगा, हे मनाशी धरून ठेवावे.

पट्टुकोट्टैचे वृद्ध शेतकरी

तंजावरच्या दक्षिणेस पट्टुकोट्टैचा मुलूख लागतो. मेट्टूर धरण १९३४ साली पुरे झाले आणि त्या योजनेतील कालव्याने कावेरीचे पाणी या भागात आणले. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळाच्या बागा इतक्या दाट आहेत, की आपण मुरुड-श्रीवर्धनच्या रस्त्यावर आहोत असा भास व्हावा. परंतु नीट पाहिले तर पुष्कळ बागा अगदी तरुण आहेत. त्याचे कारण १६ नोव्हेंबर २०१८ची पहाट. त्या पहाटे ‘गज’ नावाचे चक्रीवादळ वेदारण्यम व नागपट्टिणम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि तंजावर, पुदुक्कोट्टै, तिरुवारूर, नागपट्टिणम या जिल्ह्यांतील लक्षावधी माड त्याने पाडले.

एका बागेशी आम्ही थांबलो. सत्तरी उलटलेले मालक बाजेवर बसले होते. मी कोकणातून आले आहे आणि आमच्याकडेही असेच वादळ होऊन गेले, असे सहकारी बाईंनी त्यांना सांगितले, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि आधी शहाळी काढावयास लावली. मग म्हणाले, “मुलगा गेला तर लोक समाचाराला येतात. त्या वेळी गावात प्रत्येकाच्याच घरी गेले होते; कोणी कोणाकडे जायचे?” पडलेली झाडे उचलण्यातच त्यांचे वर्ष गेले. पुन्हा लावलेल्या रोपांना आता कोठे फळ धरू लागले होते.

बागेच्या बांधावर नऊ ताड ओळीने उभे होते. ते त्यांच्या आज्यांनी लावलेले. वादळात त्यांतील एकही पडला नाही. मी त्यांचे कौतुक करू लागले, तेव्हा म्हातारबोवांनी हसून एक तमिळ म्हण ऐकवली. तिचा भावार्थ असा: माड लावणारा फळ खाऊन मरतो, ताड लावणारा झाड पाहून मरतो.

सगळा फरक त्या एका म्हणीत आला आहे. आता तो जरा हिशेबाने पाहू.

लावणी आणि वाट पाहणे

माडाचे रोप घ्यावयाचे ते चांगल्या, नेमाने फळणाऱ्या झाडाच्या पूर्ण पिकलेल्या नारळापासून केलेले. नारळ पोय फुटल्यापासून सुमारे बारा महिन्यांनी पक्व होतो. रुजवणीस घातलेल्या नारळांपैकी जे लवकर अंकुरतात, ज्यांचा बुंधा जाड असतो आणि वर्षाच्या आत ज्यांना सहा-सात पाने येतात, तीच रोपे ठेवावीत. रेंगाळणारी निर्दयपणे बाजूस काढावीत. दोन झाडांत साडेसात मीटर, म्हणजे सुमारे पंचवीस फूट अंतर ठेवावे. वाळूच्या जमिनीत मीटरभर खड्डा खणून तळाशी सोडणांचे दोन थर पोकळ बाजू वर करून रचावेत. ती सोडणे पाणी धरून ठेवतात. पहिली दोन वर्षे रोपाला उन्हाळ्यात सावली हवी. उंच जातीचा माड सहा ते आठ वर्षांत पोय टाकतो, ठेंगणी जात तीन-चार वर्षांत. दोन्हींचा संकर केल्यास लवकर येणारे आणि भरपूर फळणारे झाड मिळते, ही गोष्ट आपल्याच देशात, केरळातील नीलेश्वर येथे १९३०नंतरच्या दशकात प्रथम सिद्ध झाली. आपल्या किनाऱ्यावर बाणवली ही उंच जात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने तिच्या जोडीस ‘प्रताप’सारख्या जाती दिल्या आहेत.

ताडाचे रोप मात्र सहसा कोणी करीत नाही. करू गेल्यास फसगत होते, आणि तिचे कारण मोठे मौजेचे आहे. ताडाची बी रुजते तेव्हा कोंब वर येत नाही, तो खाली जातो. बीतून एक जाड नळी निघते आणि जमिनीत हातभर किंवा त्याहूनही खोल उतरते. कोवळे झाड तिच्या टोकाशी, वणव्यापासून, गुरांपासून आणि उन्हापासून सुरक्षित असे, जन्म घेते. वर पहिले पान दिसावयास कित्येक महिने लागतात. पिशवीतील रोप उपटून दुसरीकडे लावले तर हा खाली गेलेला भागच तुटतो. म्हणून पावसाळ्यात पिकून पडलेल्या फळांतील बिया थेट कायमच्या जागी, तीन मीटर अंतराने पुरावयाच्या आणि विसरून जावयाचे. पहिली पुष्कळ वर्षे खोडच दिसत नाही; जमिनीलगत पंख्यांचा झुबका तेवढा असतो.

आणखी एक गोष्ट आहे. माडावर नर व मादी ही दोन्ही फुले एकाच पोयीत येतात, त्यामुळे प्रत्येक माड फळतो. ताडाचे तसे नाही: नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. कोणते कोणते, हे झाड फुलावर येईपर्यंत दिसून ओळखता येत नाही, आणि फुलावर येण्यास बारा ते पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. ताडगोळे फक्त मादी झाडाला येतात; नीरा मात्र दोघेही देतात. म्हणजे लावणाऱ्याने इतकी वर्षे वाट पाहावयाची, आणि पदरात काय पडेल तेही आधी ठाऊक नसावयाचे!

पाणी, खत आणि राखण

निगेच्या बाबतीत माड हा घरातल्या लाडक्या मुलासारखा आहे. त्याला सारे काही वेळेवर हवे. उन्हाळ्यात वाढलेल्या माडाला चार दिवसांनी सुमारे २०० लिटर पाणी द्यावे लागते. वर्षाला प्रत्येक झाडास शेणखत आणि त्याच्या जोडीला नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद ३२० ग्रॅम व पालाश १,२०० ग्रॅम अशी शिफारस कासरगोडच्या संशोधकांनी केली आहे. त्या गावी नारळावरील संशोधन १९१६पासून चालू आहे. आकडे नीट पाहिले तर माडाची भूक मुख्यत्वे पालाशाची आहे, हे ध्यानात येईल. म्हणूनच राखेचा पाटा माडाच्या आळ्यात ओतण्याची आपल्या आज्यांची सवय शहाणपणाची होती. शिवाय गेंड्या भुंगा शेंडा पोखरतो आणि सोंड्या भुंगा खोड आतून खातो. उकिरडा बागेपासून दूर ठेवणे, पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू यांचे मिश्रण भरणे, खोडाला जखम न करणे, हे उपाय वेळीच केले तर झाड वाचते. इतके केल्यावर तो परतफेडही तशीच करतो. महिन्याला सुमारे एक पोय, आणि चांगल्या निगेच्या झाडाला वर्षाकाठी सत्तर ते शंभर नारळ.

ताडाला यांतले काहीच द्यावे लागत नाही. पाणी नाही, खत नाही. गुरेही त्याच्या काटेरी देठांच्या वाटेस फारशी जात नाहीत. पहिल्या काही वर्षांत आगीपासून आणि नांगरापासून वाचविले की झाले. तो शंभर वर्षे सहज उभा राहतो. मग, वाचकहो, असे हे काहीही न मागणारे झाड आज कमी का होत आहे? त्याचे उत्तर मला उडनगुडीस मिळाले.

तांबडी वाळू

रामनाथपुरम जिल्ह्यात शिरताच देखावा पालटला. माड विरळ होत गेले आणि ताड वाढत गेले: शेतांच्या बांधांवर, तळ्यांच्या काठांवर, कोरड्या माळांवर. तूत्तुकुडीच्या पुढे तिरुच्चेंदूर, आणि तेथून थोड्या अंतरावर उडनगुडी. या भागात तांबड्या वाळूच्या टेकड्या आहेत. तिकडे त्यांना तेरी म्हणतात. पाऊस बेताचा, वारा बारमाही. त्या वाळूत ताडांची रानेच्या राने उभी आहेत. ताडाच्या गुळासाठी उडनगुडीचे नाव तमिळनाडूभर घेतले जाते.

सहकारी बाईंच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे आम्ही पहाटेच पोचलो. पन्नाशीचे गृहस्थ झाडावर होते. पायांत दोरीचा फास, छातीला खरचटू नये म्हणून चामड्याचे कवच, कंबरेला कोयत्याची पेटी. पोयीचे टोक दररोज पातळसे छेदावयाचे आणि तिला मडके बांधावयाचे. मडके आतून चुना फासलेले असते, म्हणून रस आंबत नाही, तीच नीरा. चुना नसेल तर काही तासांत तिची ताडी होते. तमिळनाडूत १९८७ साली ताडीवर बंदी आली, तेव्हापासून चढणाऱ्याला गुळाचाच आधार आहे. हे गृहस्थ तीस-पस्तीस झाडे दिवसातून दोनदा चढतात. म्हणजे साठ-सत्तर वेळा वर आणि तितक्याच वेळा खाली, फेब्रुवारी-मार्चपासून जून-जुलैपर्यंत.

त्यांनी ताडाच्या पानाचा द्रोण वळून आम्हांला ताजी नीरा दिली. चवीला गोड, गार आणि किंचित धुरकट.

पुढचे काम घरातील बाईंचे. सहकारी त्यांना अक्का म्हणत होत्या, म्हणून मीही तसेच म्हटले. अंगणातील चुलाणावर मोठ्या कढईत नीरा तापत होती. खाली जळण वाळलेल्या ताडपानांचे. नऊ-दहा लिटर रस आटावा तेव्हा किलोभर गूळ पडतो, असे अक्का सांगत होत्या. तीन-साडेतीन तास त्या कढईपाशी उभ्या होत्या. रस घट्ट होऊन उलथन्यावरून तार सुटू लागली, तेव्हा त्यांनी एक टोपली पुढे ओढली. तीत अर्ध्या फोडलेल्या, घासून स्वच्छ केलेल्या करवंट्या होत्या! त्यांत त्यांनी उकळता गूळ ओतला. थंड झाल्यावर करवंटी उपडी केली की वाटीसारखी गोल ढेप बाहेर येते. ताडाच्या गुळाला आकार माडाची करवंटी देते. बाजारात ती काळसर तपकिरी ढेप मी आधीही पाहिली होती. तिचा आकार कोठून आला, हे मात्र कधी विचारले नव्हते.

मी अक्कांना मुलांविषयी विचारले. थोरला तिरुप्पूरला कपड्यांच्या कारखान्यात आहे, धाकटा शिकतो आहे. “यांच्यानंतर चढणारे कोणी नाही,” त्या सहजपणे म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि चढावे असे मलाही वाटत नाही. शेजारचा एक पडला, तो उठलाच नाही.” साखर मिसळलेला स्वस्त गूळ बाजारात याच नावाने विकला जातो, त्यामुळे एवढ्या कष्टाचे मोलही पुरते मिळत नाही, ही त्यांची दुसरी तक्रार.

ताड कमी होण्याचे कारण हे असे आहे. त्याला पाणी लागत नाही, पण माणूस लागतो. ज्या झाडावर कोणी चढत नाही ते मालकाला निरुपयोगी वाटू लागते, आणि निरुपयोगी झाड विटांच्या भट्टीत सरपण म्हणून जाते. तमिळनाडूचा राज्यवृक्ष असूनही त्याची अशी तोड होत होती. म्हणून २०२१ साली तेथील सरकारने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ताड तोडू नये, असे ठरविले आणि बिया लावण्याची योजनाही जाहीर केली. चढणाऱ्यांची उणीव माडालाही जाणवते. परंतु माडावर दीड-दोन महिन्यांतून एकदाच चढावे लागते, आणि त्यासाठी पावलांनी चालवावयाची यंत्रे निघाली आहेत. नारळ विकास मंडळाने २०११पासून केरळात तरुणांना, त्यांत स्त्रियांनाही, या यंत्रांचे शिक्षण दिले. रोज दोनदा चढावयाचे असेल तेथे यंत्राने भागत नाही.

कोणता कल्पवृक्ष?

आपण माडाला कल्पवृक्ष म्हणतो. गंमत अशी, की तमिळ माणूस तोच मान ताडालाही देतो. ताडाचे ८०१ उपयोग सांगणारे एक जुने काव्यच त्या भाषेत आहे. दोघांचीही यादी लांब आहे, पण ती एकच नाही.

माड प्रामुख्याने स्वयंपाकघराचे झाड. शहाळे, ओले खोबरे, सुके खोबरे, तेल. सोडणापासून काथ्या, करवंटीपासून कोळसा, झावळ्यांचे छप्पर, हिरांचे खराटे. त्याची मिळकत बारा महिने थोडी थोडी येत राहते, म्हणून संसार त्यावर चालतो.

ताड हा ऋतूंचे झाड. उन्हाळ्यात ताडगोळे आणि नीरा, मग गूळ व खडीसाखर; भाद्रपदाच्या सुमारास पिकलेली फळे, ज्यांच्या केशरी गराची भजी व पिठे बंगाल-ओडिशात मोठ्या आवडीने करतात; आणि पोंगलच्या दिवसांत रुजलेल्या बीचा तो खाली उतरलेला कोंब, जो तमिळ घरांत उकडून कंदासारखा खातात. पानांचे पंखे, चटया, टोपल्या. देठांच्या तंतूंचे ब्रश. खोडाचे काळे, टणक वासे. शिवाय मुळांचे जाळे वाळू धरून ठेवते. उंच असल्यामुळे वीज त्याच्यावर पडते आणि खालची माणसे वाचतात, या विचाराने ओडिशा सरकारनेही २०२४ साली ताडलागवडीचा मोठा कार्यक्रम हाती घेण्याचे ठरविले.

तेव्हा कोणते झाड लावावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे. जेथे विहिरीचे पाणी पोचते आणि घरातील माणूस रोज फेरी मारू शकतो, तेथे माड लावावा. निगा करावयाची नसेल तर लावू नये. जेथे पाणी पोचत नाही, त्या बांधावर, वाळवंटात, समुद्राच्या तोंडाशी ताड लावावा. ताडगोळे उतरवावयास वर्षातून थोडेच वेळा चढावे लागते, तेवढी माणसे अजून मिळतात. नीरा काढावयाची असेल तर परवान्याची चौकशी आधी करावी. आणि ज्याला पाच वर्षांत उत्पन्न हवे आहे, त्याने ताडाच्या भरवशावर राहू नये. ताड हा उत्पन्नाचा उपाय नव्हे.

आमचा पट्टा

घरी आले ती उडनगुडीची एक ढेप घेऊन. पाहिलेले सारे सांगितले; ती म्हणही सांगितली. बाबांना आता चौऱ्याहत्तरावे वर्ष आहे. मला वाटले होते, म्हणीमुळे त्यांना वाईट वाटेल. ते ढेपेचा तुकडा चघळीत बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आपल्या वेशीजवळचे ताड कोणी लावले, ठाऊक आहे? मलाही नाही ठाऊक. लहानपणी ताडगोळे मात्र खाल्ले.”

भाद्रपदात त्याच ताडांखाली पडलेली पिकली फळे दादाने पोत्यात भरून आणली. वाळूच्या पट्ट्यात समुद्राच्या बाजूने एका ओळीत चोवीस जागा आखल्या, आणि प्रत्येक जागी बाबांनी स्वतः बसून दोन दोन बिया पुरल्या. विहिरीच्या अंगाला माडाच्या आणखी चार रोपांची जागा निघाली. ती दादाने लावली. वाद असा मिटला.

दिवाळी झाली तरी पट्ट्यात काही उगवलेले दिसेना. संक्रांतीला मी घरी गेले, तेव्हा दादाची मुलगी कोपऱ्यात तोंड लपवून बसली होती. झाड येते आहे की नाही, हे पाहावे म्हणून तिने एक जागा उकरली होती आणि हातभर लांब, पांढरा, गाजरासारखा कोंब समूळ वर निघाला होता. दादा रागावला होता. बाबांनी तो कोंब धुऊन वहिनीकडे दिला. वहिनीने हळद-मीठ घालून उकडला आणि आम्ही सर्वांनी बोटभर बोटभर वाटून खाल्ला. चव पिठूळ, शिंगाड्याच्या जवळपासची. मग बाबा नातीला घेऊन पट्ट्यावर गेले. त्या जागी दुसरी बी अजून होती. तिच्यावर त्यांनी वाळू लोटली आणि पुन्हा कोणी उकरू नये म्हणून तेथे एक काठी रोवून ठेवली.